निवडून पाठवलेले कांदे

करातूत, २८ मे १९९६

बहीण ओयदिन हिला हमदमचे भरभरून सलाम.

आम्ही सगळे धडधाकट आहोत. म्हणजे ज्याला जे दुखायचं ते दुखतंच आहे, नवीन काही नाही. थोरली आत्या अजून जिवंत आहे आणि तू तिला पत्र लिहीत नाहीस हे अजून सगळ्यांना सांगते आहे. जर्दाळू यंदा इतके लागले की फांद्यांना टेकू द्यावे लागले. तू आली असतीस तर… पण तू काही येत नाहीस. ताश्कंदला गेलेल्या माणसांना परतीचा रस्ता चढाचा वाटतो, हे मला आता कळून चुकलं आहे.

मोठी बातमी आधी. आपल्या मोहल्ल्याचा हौद तू आता ओळखणार नाहीस. मी या मोहल्ल्याचा प्रमुख झालो तेव्हाच ठरवलं होतं की तो चिखलाचा खड्डा मी तसाच ठेवणार नाही. तळापासून काठापर्यंत निळ्या फरश्या बसवल्या. मधोमध कारंजं उभं केलं. कारंजाचा आकार कांद्याचा. सिमेंटचा कांदा, दोन पुरुष उंच, शेंड्यातून पाणी उडतं. आपलं गाव कांद्याचं गाव, तर कारंजं काय बदकाचं करायचं? चहाखानेवाला निशोन म्हणतो की कुठल्यातरी मशिदीचा घुमट चोरून आणून बुडवल्यासारखा दिसतो. निशोनला स्वतःच्या चहाची चव कळत नाही, त्याला घुमट काय कळणार. उद्घाटनाला प्रांताचे साहेब स्वतः आले, फीत कापली, दोन थाळ्या पुलाव खाल्ला.

आणि आता दर वसंतात हौद उपसायची कटकटही संपली. फरशीवर गाळ कुठून साचणार? पंप तेच पाणी खालून ओढतो, कांद्यातून वर उडवतो, ते पुन्हा खाली पडतं. दोन वर्षं झाली, हशारच्या गावकामाला कुणाला बोलवावं लागलेलं नाही. पूर्वी सगळा मोहल्ला फावडी घेऊन चार दिवस राबायचा, आठवतं ना?

आता छोटी गोष्ट. माझे कांदे सडताहेत. बाहेरून बघशील तर सोन्यासारखे, कडक, साल वाजते. कापले की मधलाच एखादा पापुद्रा तपकिरी आणि बुळबुळीत. वरचा चांगला, खालचा चांगला, मधला नासका. असा रोग मी जन्मात पाहिला नाही. मी हौदाच्या सांडव्यावरच भिजवतो, त्यामुळे पाण्याची ददात नाही. बियाणं विकणाऱ्यानं फसवलं असणार. तुझी वहिनी रोबिया म्हणते पाणी बघा. तिला कारंजं पहिल्यापासून आवडलेलं नाही, त्याच्या आवाजानं तंदूरवर गप्पा ऐकू येत नाहीत म्हणे. तू पाण्यातले नि कशाकशातले जंतू बघतेस, तर सांग, या बियाणेवाल्याला कसा पकडू?

तुझा थोरला भाऊ, तुझा अका,
हमदम


ताश्कंद, ९ जून

हमदम-अका,

सलाम. पत्र मिळालं. त्यातला तीन चतुर्थांश भाग कारंजानं भिजलेला होता, उरलेल्या कोरड्या भागातून कांदे शोधून काढले.

बियाणेवाल्याची मानगूट जरा सोडा. मधलाच पापुद्रा नासतो तेव्हा बहुतेक वेळा रोग पातीतून, मानेवाटे आत उतरलेला असतो, आणि त्याला आत नेऊन सोडतं पाणी. असे जंतू असतात अका, की ते साचलेल्या पाण्यात, ओल्या सिमेंटच्या भेगांत, नळ्यांच्या आत आपला बुळबुळीत संसार थाटून राहतात. कांदा मिळाला तर कांदा खातात, माणूस मिळाला तर माणूस. त्यांच्यात भेदभाव नाही. या बाबतीत ते आपल्या साहेब लोकांपेक्षा बरे.

दोन वर्षं तेच पाणी गोल गोल फिरतंय हे तुम्ही अभिमानानं लिहिलंत. मी ते वाचून खुर्चीत सरळ बसले. आपले आजोबा हौद उपसायचे ते गाळासाठीच फक्त नाही. तळ उघडा पडायचा, आठवडाभर उन्हात तापायचा, भेगाळायचा, आणि मग त्या कोरड्या तळात बसून सगळे पुलाव खायचे. मला त्या पुलावाची चव आठवते. थोडी माती लागायची.

तर असं करा. मला चार-पाच कांदे पाठवा, सडलेले. जितके वाईट तितके चांगले. आणि हौदाचं पाणी. बाटली आधी उकळत्या पाण्यात बुडवून घ्या, मग कारंजाजवळून भरा, बूच घट्ट लावा, आणि एर्गाशच्या रात्रीच्या बसनं पाठवा. मी सकाळी थांब्यावर उभी असेन. जिल्ह्यातल्या तपासणीसाकडे जाऊ नका. तो तुमचा व्याही आहे, तो बाटलीचं बूचसुद्धा न काढता पाणी गोड असल्याचं लिहून देईल.

रोबिया-यांगाला सांगा, तिच्या हातच्या नानची आठवण येते. इथे मिळतात त्यांना नान म्हणणं हा नानचा अपमान आहे.

तुमची,
ओयदिन


करातूत, २० जून

ओयदिन,

एर्गाशच्या हाती सामान पाठवतो आहे. एक पोतं कांदे, एक बाटली पाणी, रोबियाचे सहा नान. जर्दाळूची पेटी वेगळी.

कांदे मी एकेक हातानं निवडले आहेत. दोन दुपारी घालवल्या. एकालाही डाग नाही. रागावू नकोस. तू सडलेले मागवलेस, पण बाई, जरा माझा विचार कर. हमदमच्या घरून ताश्कंदला बहिणीकडे सडका कांदा गेला, हे एर्गाश वाटेत प्रत्येक थांब्यावर सांगेल. तुझ्या शेजारणी पोतं उघडताना बघतील. आपला बाप कबरीत कूस बदलेल. आपल्या घरातून उभ्या हयातीत कुणाला नासकी वस्तू गेलेली नाही, ती माझ्या हातून नाही जाणार. रोग काय, तो तू चांगल्या कांद्यातही शोधशील. एवढी शिकलीस कशाला मग?

पाण्याची बाटली तू सांगितलीस तशी उकळून घेतली. पाणी प्रवासात नासू नये याचीही मी पुरती काळजी घेतली आहे, तू निर्धास्त राहा. आपल्या हौदाचं पाणी तिथल्या मोठमोठ्या लोकांच्या नजरेखालून जाणार, तर ते आपल्या गावाला शोभेलसंच जायला हवं.

एक विनंती. जे निघेल ते शिक्क्याच्या कागदावर लिहून दे. निशोन रोज चहाखान्यात बसून म्हणतो की कारंजाचं पाणी किटलीत घातलं तर चहा रुसतो. त्याचं तोंड मला एकदाचं बंद करायचं आहे.

रोबिया सलाम सांगते. म्हणते, नान गरम नसतील, पाणी शिंपडून तव्यावर ठेव.

हमदम


ताश्कंद, ३ जुलै

अका,

मी डॉक्टरला रोगी बोलावला आणि तुम्ही नवरदेव पाठवलात.

कांद्यांकडे बघून मी आधी कपाळावर हात मारला, मग पुलाव केला. काय करणार? इतके देखणे कांदे काचेखाली घालणं म्हणजे पाप. अर्धं पोतं शेजारणींना वाटलं. त्या तुमचं नाव घेताना आता थोडं लाजतात, यांगाला सांगू नका.

पाणी मात्र तपासलं. आणि मी हरले. काहीही उगवलं नाही. चार बश्यांत पेरलं, चारही बश्या कोऱ्या. आमच्या प्रयोगशाळेच्या नळाला येतं त्यापेक्षा तुमच्या हौदाचं पाणी स्वच्छ निघालं, तेव्हा आमच्या वरिष्ठांनी ती बशी तीनदा उजेडात धरली आणि म्हणाले, "यांना विचार, नळजोड मिळेल का." मी तुमच्या कारंजावर जे काही बोलले ते परत घेते. माझी बोटं चावते आहे. बियाणेवाल्याची मानगूट पुन्हा धरा.

कागद सोबत आहे, शिक्क्यासकट. "बाळाला न्हाऊ घालावं असं पाणी" हे शेवटचं वाक्य मी तुमच्या निशोनसाठी मुद्दाम घातलं. सरकारी कागदावर असं लिहीत नाहीत, पण आमच्याकडे कागद वाचतो कोण?

मनावरचं ओझं उतरलं. इथे उन्हाळा भाजतो आहे आणि कामाचा ढीग आहे, नाहीतर तुमच्या हौदात पाय सोडून बसायला आले असते.

ओयदिन


करातूत, २१ जुलै

प्रिय ओयदिन,

तुझा कागद काचेत बसवला. चहाखान्याच्या दारावर, बरोबर निशोनच्या डोक्यावर टांगला आहे. तो आता फक्त किटल्या आपटतो. शिकलेल्या बहिणीचा असा उपयोग होतो हे आधी माहीत असतं तर तुला आणखी शिकवली असती.

कांद्यांचं म्हणशील तर अर्धी रास उकिरड्यावर गेली. बियाणेवाला शपथा घेतो आहे. घेऊ दे.

जर्दाळू वाळत घातले. थोरली आत्या पडली, पण पलंगावरून सतरंजीवर पडली, काही झालं नाही. निशोनच्या नातवाची सुंता झाली, पुलावाची देखरेख मीच केली. सगळे म्हणाले इतका मोकळा भात अलीकडे खाल्ला नाही.

रोबियाचा उजवा हात तंदूरमध्ये भाजला. त्याच सुंतेसाठी नान लावत होती, हातमोजा सरकला. मनगटापासून बोटांपर्यंत. आठ-दहा दिवस झाले. काळजीचं काही नाही. आम्ही घरचंच करतो आहोत, कांद्याचा लगदा लावतो आणि सकाळ-संध्याकाळ हौदाच्या पाण्यानं धुतो. ती आधी नको म्हणत होती, विहिरीचं पाणी घ्या म्हणाली. मी तिला दारावर नेऊन तुझा कागद वाचून दाखवला. बाळाला न्हाऊ घालावं असं पाणी, शिक्क्यासकट. मग तिनं हात पुढे केला.

आणि एक नवल ऐक. जखमेला वास येतो तो पुवाचा नाही, द्राक्षांचा. पिकलेल्या हुसैनी द्राक्षांचा, गोड. फडकी सोडली की रिश्तानच्या थाळ्यांवर असतो ना, तसा निळा-हिरवा रंग त्यांच्यावर उतरलेला दिसतो. बायका बघायला येतात. थोरली आत्या म्हणते, चाळीस वर्षं गावाला नान खाऊ घालणारा हात, त्यातून सुगंध येणार नाही तर काय. थोडा ताप असतो, पण उन्हाळ्यात कुणाला नसतो. कालपासून जरा झोपूनच आहे. विश्रांती मिळते आहे बिचारीला, तेवढंच.

यंदा द्राक्षंही चांगली येणार असं दिसतं.

हमदम


तार
ताश्कंद, २७ जुलै

यांगाला आजच शहरातल्या मोठ्या रुग्णालयात न्या. हौदाचं पाणी लावू नका. कांदा लावू नका. डॉक्टरांना जंतूचं नाव दाखवा, स्यूडोमोनास. कुणाची वाट पाहू नका. ओयदिन.


ताश्कंद, २७ जुलै

हमदम-अका,

तार केली आहे. हे पत्र पोचेपर्यंत तुम्ही रुग्णालयात असाल असं धरून लिहिते. नसलात तर वाचणं थांबवा आणि उठा.

द्राक्षांचा वास आणि तो निळा-हिरवा रंग. हे मी रोज बघते. बशीचं झाकण उचललं की आमच्या खोलीत हाच वास दरवळतो, नवीन मुली म्हणतात किती छान. या जंतूला आम्ही स्यूडोमोनास म्हणतो, तारेत लिहिलं तेच. भाजलेली कातडी त्याला सगळ्यात आवडते. नेहमीच्या औषधांना तो दाद देत नाही. डॉक्टरांना हे नाव सांगा, कागदावर लिहून दाखवा. ते म्हणतील तुम्हाला काय कळतं. म्हणू देत. पुन्हा दाखवा.

कांदे सडवणारा तोच असावा. मला कांदा पाहायला मिळाला असता तर… राहू दे.

पत्र वाचलं तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात फिरते आहे. जो जंतू यांगाच्या हातावर आहे तो हौदात असायलाच हवा. आणि माझ्या बश्या कोऱ्या होत्या. नुसत्या स्वच्छ नव्हत्या अका, कोऱ्या होत्या. उघड्यावरच्या हौदात पाखरं पाणी पितात, पोरं डुंबतात, तुतीची पानं पडतात. त्या पाण्यात काहीच नाही असं कसं होईल? "प्रवासात नासू नये याची पुरती काळजी घेतली" असं तुम्ही लिहिलं होतं. मी ते वाक्य वाचलं होतं. मला वाटलं तुम्ही बाटली ओल्या फडक्यात गुंडाळली असेल.

पाणी उकळलं होतंत का?

रागावून विचारत नाही. मला कळायला हवं.

ओयदिन


करातूत, १९ ऑगस्ट

ओयदिन,

उशीर झाला. कालच घरी आलो.

तार आली तेव्हा मी चहाखान्यात होतो. वाचली आणि तसाच उठलो. ट्रकमध्ये कांद्याची पोती होती, ती रस्त्यावरच ढकलून दिली आणि मागे गादी टाकली. निशोन न विचारता मागे चढून बसला आणि सबंध वाटभर तिचं डोकं मांडीवर धरून होता. रोबिया तापात बडबडत होती. तंदूर विझवला का, तंदूर विझवला का, एवढंच.

शहरातल्या डॉक्टरांना तारेतलं नाव दाखवलं. त्यातल्या एका तरुण मुलीनं ते दोनदा वाचलं आणि पळत गेली. बाकीच्यांनी मला बाहेर बसवलं.

उजव्या हाताची चार बोटं गेली. अंगठा राहिला. जीव वाचला. आणखी दोन दिवस गेले असते तर सगळा हात गेला असता, किंवा तीच, असं ती मुलगी म्हणाली. तिला मी विचारलं, आणखी दोन दिवस आधी आणलं असतं तर? ती म्हणाली, बाबा, असं विचारायचं नसतं.

हो. उकळलं होतं. दोनदा. मग पांढऱ्या मलमलीतून गाळलं.

मी तुला फसवायला केलं नाही. तुझ्याशी खोटं बोलून मला काय मिळणार होतं? घरात पाहुणा येणार म्हटलं की आपण अंगण झाडतो, सडा घालतो. तसंच. ताश्कंदचे लोक आपल्या हौदाचं पाणी काचेखाली घेऊन बघणार, त्यात काडीकचरा, पोरांचा मळ, काय काय दिसणार, आणि ते तुला म्हणणार, हे का तुमचं गाव. माझ्यानं ते सोसवेना. मी पाणी झाडलं, ओयदिन. अंगण झाडावं तसं झाडून पाठवलं.

रोबियाला हे मी सांगितलं. रुग्णालयातच सांगितलं. ती छताकडे बघत म्हणाली, "कांदेही तुम्ही असेच निवडत बसला होता. मी नान लावत होते तेव्हा दिसत होतं मला." शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पंप बंद केला. तुझा कागद काढायला गेलो तर निशोननं आधीच काढून ठेवला होता. खिळा तेवढा आहे. मला कुणी एका शब्दानं बोलत नाही. मी येताना दिसलो की सरकून जागा करून देतात, पहिली प्याली माझ्यापुढे ठेवतात. अशी वागणूक मयताच्या घरच्यांना देतात.

तंदूर थंड आहे. गाव शेजारच्या वाडीतून नान आणतं.

हमदम


ताश्कंद, २ सप्टेंबर

अका,

तुमचं पत्र घेऊन मी वरिष्ठांकडे गेले. म्हटलं, माझ्या कागदावर विसंबून एका बाईची बोटं गेली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, "नमुना स्वच्छ, अहवाल स्वच्छ. तुझी चूक कुठे?" खरंच, आमच्या कार्यालयाच्या हिशेबात माझी चूक कुठेच बसत नाही. अशी शिक्षा कुणाला होऊ नये.

सगळं स्वतःच्या अंगावर घेऊ नका. तुम्हाला मोठेपणाची सवय आहे, पण हा मोठेपणा वाटून घ्यावा लागेल. कोरी बशी बघून ज्या बाईला घाबरायला हवं होतं ती खूश झाली. का खूश झाली तेही सांगते. कारंजाची टर उडवल्याबद्दल मला आतून वाईट वाटत होतं. तुम्ही बरोबर निघालात तर तुमच्याशी पुन्हा गोड बोलता येईल, असं वाटत होतं. मला बशीत जे दिसायला हवं होतं ते दिसलं. तुम्ही पाणी झाडलंत, मी डोळे झाडले.

आणि ते बाळाच्या अंघोळीचं वाक्य. दुसऱ्या कुणाला हसवायला लिहिलं आणि तेच यांगाला वाचून दाखवलं गेलं. मला सगळ्या बाबतीत विनोद सुचतो, हे तुम्हाला लहानपणापासून माहीत आहे. आता सुचला की हात थांबतो.

मी नवा नमुना मागत नाही. मागायला तोंड नाही. हौदाचं काय करायचं तेही तुम्हाला ठाऊक आहे. आजोबांना ठाऊक होतं आणि त्यांच्याकडे प्रयोगशाळा नव्हती.

यांगाला काय लिहू? चार वेळा कागद घेतला. तिला सांगा, नाही, काही सांगू नका. सलाम सांगा.

ओयदिन


करातूत, २७ ऑक्टोबर

ओयदिन-जान,

रोबियाचे सलाम. डाव्या हातानं लिहिते आहे, अक्षर कोंबडीचं आहे, म्हणून थोडक्यात लिहीन. तुमच्या अकांना लिहा म्हटलं तर ते कागद पुढे घेऊन बसतात आणि उठतात.

तुम्ही मला पत्र लिहीत नाही. मला वाटलं तुम्ही लाजताहात. इथेही एक माणूस लाजून बसला आहे, दोघा-दोघांचं मी कुठवर बघू? म्हणून मीच लिहायला घेतलं.

गेल्या आठवड्यात हशार झालं. वसंताची वाट कुणी पाहिली नाही. तुमचे अका दारोदार गेले. निशोन आधी कुदळ घेऊन आला. सिमेंटचा कांदा फोडायला कुणी धजेना, साहेबांनी फीत कापली होती ना. मग थोरली आत्या काठी टेकत आली आणि म्हणाली, "साहेब भेटला तर सांगा म्हातारीनं फोडला," आणि तिनं काठीनं एक टोला हाणला. काठी मोडली. मग पुरुषांना जोर आला. आत नळ्यांवर बोटभर जाडीचा काळा-हिरवा थर होता. निशोन म्हणाला, "बघ हमदम, हाही मधूनच सडलेला." मग तुमचे अका हसले. जुलैनंतर पहिल्यांदा हसले. हसता हसता काठावर बसले आणि त्यांना उठवायला दोघं लागले.

फरश्या उपटल्या. तळ उन्हात आहे, ऊन आता कोवळं आहे पण आहे. तळात बसून पुलाव झाला. त्यांनीच केला, आणि स्वतः वर काठावर उभे. मी खालून हाक मारली, "या की, का फीत कापायची आहे?" तेव्हा उतरले. माझ्याच थाळीत जेवले. माझ्या उजव्या बाजूला बसतात आता, बसताना आधी बघून घेतात.

रात्री हात दुखतो. नसलेली बोटं दुखतात, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं, मी खरं मानलं नव्हतं. मला तुमचा राग आला होता. त्यांचाही येतो, सकाळी पीठ बघितलं की येतो, मग दिवसात कधीतरी जातो. गेला असं लिहिलं असतं तर बरं दिसलं असतं.

एर्गाशच्या हाती पिशवी पाठवते आहे. त्यात पाच कांदे आहेत, तुम्ही मागितले होते तसले. उकिरड्याकाठच्या राशीतून मी स्वतः काढले. एर्गाश नाक धरून शिव्या देत होता, मी म्हटलं छपरावर बांध. बाटलीत हौद उपसण्याआधीचं पाणी आहे. कारंजाजवळून भरलं, बाटली उकळून घेतली, पाणी नाही. त्यात एक पान आणि एक मेलेली माशी आहे. ती काढू का असं त्यांनी विचारलं. मी नको म्हटलं.

वर फडक्यात नान आहे. तंदूर परवा पेटवला. डाव्या हातानं लावते, अर्धे गळून निखाऱ्यात पडतात, कावळ्यांची चंगळ आहे. मधोमध ठसा मारायचा तोही तिरपा पडतो, नक्षी एका बाजूला पळते. एक नान सरळ आला होता. तो तुमच्यासाठी बाजूला ठेवलेला तुमच्या अकांनी बघितला आणि माझ्याकडे बघितलं.

तो आम्ही दोघांनी खाल्ला. तुम्हाला तिरपा पाठवला आहे.

रोबिया